तीन वर्गांची बालवाडी

जूचंद्र गावच्या बालवाडीत सतरा वर्षं एकच खोली होती आणि विनयाताई एकट्याच बाई. तिसऱ्या वर्षी पोर रडत यायचं, सहाव्या वर्षी पहिलीत जायचं. मधला सगळा काळ ताईंच्या हाताखाली. मोठी मुलं धाकट्यांचे डबे उघडून द्यायची, बटणं लावायची. ताईंचं निम्मं शिकवणं त्यांच्याच तोंडून होऊन जायचं.

आर्या आली तेव्हा बोलत नसे. चार महिने दाराजवळच्या कोपऱ्यात बसून राहिली. तिच्याहून दीड वर्षानं मोठी सलोनी रोज चित्रांचं पुस्तक घेऊन तिच्याशेजारी बसायची. सलोनीला स्वतःला अक्षरं लागत नसत, ब आणि व यांत कायम घोळ. पण आर्यासमोर ती अगदी बाई व्हायची. एके दिवशी तिनं बदकाला कोंबडी म्हटलं आणि कोपऱ्यातून आवाज आला, "बदक!" ताईंना मागे वळून खात्री करून घ्यावी लागली.

पुढच्या जूनमध्ये बालवाडी चालवणाऱ्या संस्थेचे चंद्रहासभाऊ सुतार घेऊन आले. गावाभोवती टॉवर उभे राहिले होते आणि नव्या पालकांना नर्सरी, ज्युनिअर, सिनिअर असं नीट हवं होतं. प्लायवूडच्या दोन भिंती उठल्या. ताईंना सिनिअर मिळाला. सलोनी त्यांच्याकडे आली. आर्या भिंतीपलीकडे ज्युनिअरमध्ये, हेमांगी नावाच्या नव्या बाईंकडे.

हेमांगी वाईट नव्हती. पण चार वर्षांची सव्वीस मुलं, सगळी एकाच वेळी रडणारी, एकाच वेळी शूला जाणारी. आर्या पुन्हा गप्प झाली.

आर्याची मंदाआजी तिला न्यायला यायची. एकदा ती पायरीवरच बसली. "ताई, पोरगी आता घरी पन बोलत नाय. पानी हवं असलं तरी नुसतं बोट दाखवते."

ताई चंद्रहासभाऊंकडे गेल्या. "रोज एक तास तिला माझ्या वर्गात बसू द्या. सलोनीजवळ."

"ताई, एकीला दिलं की सगळे मागतील."

"मग सगळ्यांनाच द्या. सतरा वर्षं असंच तर चाललं होतं."

"तेव्हा गाव होतं." भाऊंचा आवाज मऊच होता. "आता पालक विचारतात, आमच्या मुलानं लहान पोरांची नाकं का पुसायची? पट कमी झाला तर बालवाडीच बंद होईल."

तरी ताईंनी आठवडाभर आर्याला गुपचूप आत घेतलं. सलोनीनं तिला मांडीवर ओढून घेतलं. आर्या बोलली नाही, पण हसायची. सातव्या दिवशी एका आईनं खिडकीतून फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला. ताईंना लेखी समज मिळाली.

सिनिअरमध्ये सलोनीचंही बरं चाललं नव्हतं. आता तिच्याहून लहान कोणी नव्हतं. सगळे बरोबरीचे, आणि सगळ्यांना ब येत होता. पूर्वी विचारायच्या आधीच उत्तर देणारी मुलगी आता मागच्या बाकावर नखं कुरतडत बसे. ताई जवळ बसवून शिकवत, ती मान हलवी आणि पाटीवर पुन्हा व काढी.

नवरात्राच्या आदल्या दिवशी सुटीच्या वेळी व्हरांड्यात ज्युनिअर आणि सिनिअरच्या रांगा समोरासमोर आल्या. आर्यानं हात पुढे केला. सलोनी थबकली, रांग तुटली. भाऊ बालवाडी बघायला आलेल्या पालकांना घेऊन दारातच उभे होते.

"सलोनी, रांगेत चल," ताई म्हणाल्या.

सलोनीनं ओठांवर बोट ठेवलं आणि ती पुढे गेली. आर्याचा हात थोडा वेळ तसाच होता, मग तिनंच तो फ्रॉकमागे लपवला. हे सगळं ताईंनी पाहिलं. आपल्या तोंडून ते शब्द गेले कसे, हे त्यांना त्या दिवशी कळलं नाही, नंतरही नाही.

दसऱ्यानंतर मंदाआजी एकटीच आली, नाव काढायला. "घरीच राहू दे तिला," एवढंच म्हणाली. ताईंना समजूत घालायची होती, पण कशाच्या जोरावर घालणार? त्यांनी फॉर्म भरून दिला.

सोमवारी आर्याच्या जागी दुसरं मूल आलं. ताईंनी सलोनीला फळ्यापाशी बोलावलं. ती उठलीच नाही.