‘काहून’ची खूण

मानोऱ्यात बसस्टँडमागच्या गल्लीत माझ्या अब्बांचं शिलाईचं दुकान आहे. त्यांचं नाव वहाब, पण सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. आसपासच्या तांड्यांवरच्या लग्नांचे फेटिये, म्हणजे आरसे लावलेले घेरदार घागरे, आमच्याकडे तयार होतात. कापायचं आणि जोडायचं काम अब्बांचं. त्यावरचं भरतकाम अकरा वर्षांपासून रामीबाईचं.

रामीबाईला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे बोलताही येत नाही. शाळेत तिला कुणी घातलंच नाही. नवरा धनसिंग तिला मोटरसायकलवर घेऊन यायचा आणि तिच्या वतीनं तोच बोलायचा. ती मान खाली घालून टाके घालायची. इतकं सुबक काम मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर अब्बा मला म्हणाले, "तूबा बेटा, मोबाइलवर हातकामाचं पुस्तक पाय बरं. रामीबाईले नवे नमुने दाखवू."

मी पुस्तकांच्या ॲपवर शोधलं. त्यानं आधी हस्तरेषांचं पुस्तक दाखवलं, मग कुस्तीचं, मग सांधेदुखीच्या व्यायामाचं. ‘हात’ एवढाच शब्द त्याला कळला असावा. खाली ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून एक जाड पुस्तक होतं. मुखपृष्ठावर नुसते हातच हात. चित्र बारीक होतं. मला वाटलं, सुई धरलेले हात आहेत. मी मागवून टाकलं.

चार दिवसांनी आलं ते बहिऱ्यांच्या खुणांच्या भाषेचं पुस्तक. पानोपानी चित्रं, खाली हिंदीत अर्थ.

"हे काय आणलं व? परत करून टाक," अब्बा म्हणाले.

पण तोवर रामीबाईनं ते हातात घेतलं होतं. एका पानावर पेला होता आणि शेजारी पाण्याची खूण करणारा हात. तिनं तशीच बोटं केली आणि माठाकडे पाहिलं. मग पान उलटलं. मग आणखी एक. सुई दुपारपर्यंत तशीच कापडात टोचलेली राहिली.

"तिले नाई समजत ते, मास्तर," धनसिंग म्हणाला.

अब्बांनी चष्मा पुसला. "मले तरी कुठं समजते? दोघंबी शिकू."

त्या दिवसापासून रोज जेवणानंतर अर्धा तास शिलाई मशीन बंद. ज्या वस्तू दाखवता येतात, त्यांच्या खुणा तिनं आठवड्यात उचलल्या. अब्बा विसरायचे, तीच त्यांची बोटं नीट करायची. अडलं ते सवालांच्या पानावर. ‘काहून’, म्हणजे ‘का’, हे चित्रानं कसं समजावणार? अब्बा दोन दिवस विचार करत होते.

तिसऱ्या दिवशी भर बाराला त्यांनी उठून दुकानाचं शटर धाडकन खाली ओढलं. आत अंधार झाला. रामीबाई दचकून उभी राहिली. मी दिवा लावला, तर ती कपाळाला आठ्या घालून अब्बांकडे पाहत होती. अब्बांनी तिच्या चेहऱ्याकडे बोट दाखवलं आणि लगेच पुस्तकातली ती खूण केली. तुझ्या तोंडावर आत्ता जे आलं, ते हे.

तिनं खूण करून पाहिली. मग शटरकडे हात दाखवून पुन्हा केली. अब्बा हसत सुटले. मी तर टाळ्याच वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी ती आली, तशी थेट कपाटाकडे गेली. मागच्या महिन्यातला एक फेटिया काढून तिनं खालची कड अब्बांपुढे धरली. तिनं तिथं लावलेले आरसे अब्बांनी उसवले होते. दर वेळी उसवायचे. तिनं उसवलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि खूण केली. काहून?

अब्बांनी फेटिया हातात घेतला. "अकरा वर्षं झाली, तूबा," ते म्हणाले. "हिले वाटलं असंल, आपलं कामच खराब आहे."

मग त्यांनी तो फेटिया स्वतःच्या कंबरेला गुंडाळला, नाचून दाखवलं, कडेचा आरसा पायाला लागल्यावर लंगडून दाखवलं आणि घोट्यावर लाल दोरा ठेवला. रक्त. रामीबाई पोट धरून हसली. मग ओढणीच्या टोकानं डोळे पुसू लागली.

पुढचा फेटिया तिनं आणला, तेव्हा कडेला एकही आरसा नव्हता. पांढऱ्या रेशमाचे गोल टाके असे घातले होते की हात लावेपर्यंत ते काच वाटत. अब्बांनी दोनदा हात फिरवून पाहिला. त्यांच्या चाळीस वर्षांच्या धंद्यात ही गोष्ट त्यांना सुचली नव्हती.

ॲप अजूनही मला कुस्तीची पुस्तकं दाखवतं. दाखवू दे बापडं.

परवा धनसिंग एकटाच आला. दारात घुटमळला.

"मास्तर, ते पुस्तक द्या न दोन रोज."

"तुले कायले पायजे?"

"ती घरी सारखी इचारून राह्यली मले. काहून, कधी, कुठं. मले एकबी जवाब देता येत नाई."

अब्बांनी पुस्तक दिलं नाही. "रोज जेवल्यावर ये इथं," म्हणाले. आता दुपारी तिघं सतरंजीवर बसतात. धनसिंगची बोटं कामानं ताठ झालेली, लवकर वळत नाहीत. रामीबाई एकेक बोट धरून जागेवर आणते, आणि तो चुकला की त्याच्या हातावर चापट मारते.