कोरा रकाना

चादरीची दोन टोकं पकडून ती मागे सरकली. समोरची दोन टोकं चिमणीच्या हातात. इस्पितळाच्या लाँड्रीत चादरीची घडी अशीच होते. ताणायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं.

“ताई, काल सोन्याने चार पावलं टाकली! सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.”

सोन्या म्हणजे ताईचा मुलगा. चिमणी इथे अर्धा दिवस काम करून दुपारी त्याच्याच पाळणाघरात कामाला जायची. पहिली पावलंही चिमणीच्याच वाट्याला.

“घरी कधीचीच टाकलीत त्याने,” ती म्हणाली. टाकली नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत पगाराच्या चिठ्ठ्या आल्या. चिमणीच्या चिठ्ठीत विमा वर्गणीचा रकाना कोरा होता. तिच्या चिठ्ठीत दर महिन्यासारखी कपात. ती तडक कारकुनाकडे गेली.

“चिमणीचं काहीच कापत नाही?”

“ठरलेल्या हद्दीखाली पगार असला की कामगाराचा हिस्सा माफ. मालकाला त्याचा भरावाच लागतो.”

“मग दवाखाना, आजारपणाची रजा?”

“ते सगळं तुमच्यासारखंच.” कारकून हसला. “पोटात दुखायला लागलं वाटतं?”

“दुसरीकडेही पगार मिळत असला तर?”

त्याचं पेन थांबलं. “मग दोन्ही मिळून धरतात. का? कुठे जाते?”

“मी आपलं सहज विचारलं.”

ती दारापर्यंत गेली. कडीवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली.

“पाळणाघरात,” ती म्हणाली.

दहा दिवसांनी अर्धा गठ्ठा संपला तरी चिमणी गप्पच.

“काय गं, आज चिवचिव बंद?”

“कारकुनाने पाळणाघरात फोन केला, माझा पगार विचारायला. तिथल्या बाईंनी माझी नोंदच केली नव्हती. घाबरल्या. कालच म्हणाल्या, उद्यापासून येऊ नकोस.” चिमणीने चादर झटकली. “इथली माफी गेली असती तर भरला असता हो माझा हिस्सा. तिथलं कामच गेलं.”

“त्याला कुणी सांगितलं?” तिने चादरीकडे बघत विचारलं.

“कोण सांगणार? नेहमीची तपासणी म्हणाला.”

चिमणी चालत जवळ आली. आपली टोकं तिच्या हातात दिली, पण लगेच सोडली नाहीत.

“एक कराल, ताई? नवी बाई येईल तिला सांगा, सोन्याला थोपटू नको म्हणावं. दचकून जागा होतो. कानाची पाळी चोळली की दोन मिनिटांत झोपतो.”

वर्षभर ती घरी त्याला थोपटतच होती.

पाच वाजता पाळणाघराच्या दारात सोन्या तिच्या कडेवर आला तो रडतच. तिच्या खांद्यावरून आतल्या खोलीकडे हात पसरत होता.

“दुपारपासून असंच चाललंय,” बाई म्हणाल्या. “झोपला नाही की खाल्लं नाही. काय हवंय, कळेना.”

तिचा हात सवयीने त्याच्या पाठीवर गेला. तिथून हळूच वर, कानापर्यंत सरकला.

सोन्याने एक हुंदका दिला आणि डोकं तिच्या खांद्यावर टाकलं.

“अगंबाई! काय केलंत हो? आम्हालाही सांगा की.”

“काही नाही,” ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरू लागली.