जिथे पाखरू बसेना

आमच्या जावयाला माणसांपेक्षा पाखरांची भीड जास्त. पेशाने दातांचे डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या जबड्यात डोकावायचं आणि थंडी पडली की सुट्टीच्या दिवशी दुर्बीण गळ्यात अडकवून पाखरांच्या चोचीत. कधी तळं, कधी मिठागर, कधी खाडी. मुलगी दवाखान्यात नर्स, तिची सुट्टी कधी जुळत नाही. म्हणून ती म्हणाली, "आई, तू जात जा बरोबर. पाखरू दिसलं की ह्यांना पायाखालचं दिसत नाही." तेव्हापासून हिवाळाभर मी राखणदार.

आणि राखणदाराला मान केवढा! गाडीत बसायचं, खोकायचं नाही, दार आपटायचं नाही. थर्मासचं झाकणसुद्धा चोरट्यासारखं उघडायचं. "आई, पक्षी बिचकतात." मुलीने नवऱ्यासाठी हौसेने आणलेला केशरी कोट मागच्या सीटवर लोळतोय, कारण पक्ष्यांना भडक रंग सोसत नाही. स्वतः टोपीपासून बुटापर्यंत चिखलाच्या रंगाचे. फोनचा आवाज बंद. सासूला न भिणारा माणूस वीतभर पाखराला भितो!

त्या दिवशी खाडीला ओहोटी होती. चिखल लांबवर उघडा पडलेला.

"वर वळलेल्या चोचीचा एक आलाय म्हणतात, आई. पाणी परतायच्या आत येतोच."

"जावईबापू, पाणी काही तुम्हाला विचारून परतत नाही."

हसले आणि गेले. बांध उतरले, मधला ओहळ ओलांडला. पाणी जेमतेम घोट्याएवढं. पलीकडे गवताचे पुंजके होते, तिथे कुठेतरी पालथे पडले. पाखरांना दिसू नये म्हणून ते नेहमी असेच पडतात.

मी चहा ओतला. पिऊन मान वर करते तर ओहळ दुप्पट रुंद झालेला.

मला वाटायचं, भरती समोरून येते, लाटा दाखवत येते. ही मागून आली. ओहळातून, आवाज न करता. जावयाच्या आणि बांधाच्या मधोमध पाणी भरत होतं आणि त्यांची पाठ इकडे.

मी बांधावर धावले. सगळीकडे तोच तपकिरी रंग. कुठला चिखल आणि कुठला जावई? हाका मारल्या. वारा तोंडावर येत होता, हाक घशातच परत. फोन लावला, नुसता वाजत राहिला. संध्याकाळी मुलगी कामावरून येईल, दार मीच उघडणार. तिला काय सांगू? पोरी, मी चहा पीत होते?

बांधाखाली एक म्हातारा होडीतलं पाणी उपसत होता. "अहो दादा, माझा जावई आहे तिकडे!"

त्याने डोळ्यांवर हात धरला. "कुठे, बाई? मला तर कुणी दिसत नाही. एवढ्या पसाऱ्यात वल्हवू कुठे? चुकीच्या बाजूला गेलो तर परत फिरेपर्यंत..."

पाणी चढत होतं. पाखरं मागे सरत उरलेल्या कोरड्या जागेवर दाटी करू लागली, जत्थेच्या जत्थे, खांद्याला खांदा. मी नुसती बघत होते, डोक्यात काही शिरत नव्हतं. आणि मग दिसलं. एवढी दाटी, पण एका ठिकाणी अंगणाएवढी जागा मोकळी. पाखरं यायची, तिच्यावरून वळायची आणि दुसरीकडे उतरायची. एवढं लपूनही पाखरांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते आम्हालाच.

"दादा, तिथे! पाखरू बसेना तिथे माझा माणूस आहे."

"कुत्रंबित्रं असेल."

वाद घालायला वेळ कुणाला होता? गाडीत शिरले आणि दोन्ही हातांनी हॉर्न दाबला. हिवाळाभर दाबलेला खोकला त्यातून बाहेर पडला म्हणा ना. सगळा थवा एकदम उठला, आभाळ काळं झालं. आणि त्या मोकळ्या जागेतून चिखलाचा एक माणूस गुडघ्यांवर उठला आणि बांधाकडे बघून मूठ उगारू लागला!

माझ्यावर चिडलेलं माणूस बघून मला एवढं बरं आजवर वाटलं नव्हतं. मग त्यांनी मागे पाणी पाहिलं. मूठ हवेतच राहिली. उठायला गेले, पण एक पाय निघेना.

म्हाताऱ्याने होडी लोटली. मी गाडीतला तो केशरी कोट छातीशी धरून उभी. पाणी त्यांच्या मांडीला लागलं, कमरेला लागलं. बघवत नव्हतं आणि नजर काढायचीही भीती, काढली आणि पुन्हा दिसलेच नाहीत तर? म्हाताऱ्याने वल्हं धरायला दिलं, ओढलं, पुन्हा ओढलं. बूट चिखलानेच ठेवून घेतला. माणूस दिला.

बांधावर आले तेव्हा लोकांचे दात बसवणाऱ्याचे स्वतःचे दात वाजत होते. आणि तोंडातून पहिलं काय निघावं?

"आई, हॉर्न तुम्ही वाजवलात? तो वळलेल्या चोचीचा अगदी समोर होता हो..."

मी कोट त्यांच्या अंगात चढवला, लहान पोराला चढवतात तसा. गळ्यापर्यंत बटणं लावली. घाईत एक चुकलंच. मग म्हटलं,

"अरे, पाखरांना दिसू नये म्हणून एवढा लपलास, की घरच्यांनाही दिसेनासा झालास. पुढच्या सुट्टीला हा कोट अंगात असेल तरच गाडी हलेल. पाखरं भ्यायली तर भिऊ देत. हिवाळाभर मी एकटी भ्याले, आता त्यांची पाळी."