व्हेर्नाचा श्वास आणि दुसरी बॅटरी

लिंडसे नोस्के माझा शेजारी. आमच्या दोघांच्या घरांमध्ये पत्र्याचं एकच कुंपण आहे, त्यामुळे त्याच्या शेडमध्ये काय चाललंय ते मला आवाजावरून कळायचं. त्या हिवाळ्यात आठवडाभर ग्राइंडर आणि वेल्डिंगचा आवाज येत होता. तो आपल्या जुन्या डिझेल जीपमध्ये दुसरी बॅटरी बसवत होता.

बॅटरी हवी होती ती व्हेर्नासाठी. लिंडसेच्या बायकोची फुप्फुसं पार निकामी होत आली होती. घरात ती ऑक्सिजनच्या मशीनची नळी नाकाला लावूनच वावरायची. तिचा जन्म उत्तरेकडच्या वाळवंटातल्या गुरांच्या ठाण्यावरचा, म्हणजे मैलोन्मैल चराऊ रान आणि मध्ये एकच घर. ते ठाणं आता विकलं गेलं होतं. तिथे एकटाच राहणारा तिचा थोरला भाऊ क्लेम महिनाअखेर किल्ल्या देऊन निघणार होता. त्याआधी एकदा आईची खोली बघून यायची, एवढंच तिचं म्हणणं होतं. डॉक्टर म्हणाले, मशीन क्षणभरही बंद पडणार नसेल तर जा.

गाडी चालू असली की मशीनला वीज मिळायची, प्रश्न होता मुक्कामाचा. इंजिन बंद ठेवून रात्रभर मशीन चालवलं, तर सकाळी सेल्फ मारायला बॅटरीत जीव उरला नसता. म्हणून ही दुसरी. बॉनेटखाली पहिलीच्या समोरच्या बाजूला तिची जागा, आणि दोघींच्या मध्ये एक स्विच, म्हणजे एकीने दुसरीला रिकामं करायचं नाही. वायरिंगमध्ये नाव ठेवायला जागा नव्हती. बॅटरीची बैठक मात्र त्याने घरातल्या पत्र्याची केली. व्हेर्ना म्हणाली होती, पोर्ट ऑगस्टाला, शहरात जाऊन नीट जाड लोखंडी पट्टीची करून घे. तो म्हणाला, "चाळीस वर्षं मी कुंपणं जोडतोय."

"कुंपण जागेवर उभं असतं, लिंडसे," ती म्हणाली. पण तिलाही निघायची घाई होती.

पहिला मुक्काम छान झाला. मशीन रात्रभर चाललं आणि सकाळी इंजिन पहिल्या हाकेला उठलं. लिंडसे इतका खूश होता की गाडी चालवताना शीळ घालत होता. पुढचा रस्ता पन्हळी पत्र्यासारखा होता, दात वाजावेत असा. कोरड्या ओढ्यातून वर चढताना बॉनेटखाली धाडकन काहीतरी आदळलं. करवतीने प्लॅस्टिक कापल्यासारखा आवाज आला आणि काचेवर वाफेचा फवारा उडाला.

बैठक तुटली होती. बॅटरी उसळून थेट पंख्यात गेली होती. पंख्याने तिचे तुकडे केले, त्या तुकड्यांनी रेडिएटर फाडला आणि पंख्याची पातीही मोडली. सगळीकडे बॅटरीतलं तेजाब उडालं होतं. मागच्या सीटवर मशीन एकदा किंचाळलं आणि बंद पडलं.

लिंडसेने आधी आणीबाणीसाठी ठेवलेलं छोटं सिलिंडर तिला लावलं. मग वायर कापून मशीन पहिल्या बॅटरीला जोडलं. ते सुरू झालं तेव्हा तो गाडीच्या पायरीवर मटकन बसला.

गाडीतल्या दोन्हीकडून बोलता येणाऱ्या रेडिओवर विमानातून येणाऱ्या डॉक्टरांचा तळ लागला. तिथली बाई शांतपणे बोलत होती. विमान दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलंय, दुपारनंतर क्लेमच्या ठाण्यावरच्या धावपट्टीवर उतरेल, तोवर तिला तिथे आणता येईल का, असं तिने विचारलं. तेवढ्यात मध्येच क्लेमचा घोगरा आवाज आला. त्या भागात सगळेच रेडिओ ऐकत असतात. तो म्हणाला, "मी निघालो. वाळूच्या टेकड्या आहेत मध्ये, वेळ लागेल. तिला जागी ठेव."

वेळ लागणार होता, आणि एवढा वेळ ती बॅटरी मशीनला पुरणार नव्हती. ती भरायची तर इंजिन चालवायला हवं, आणि रेडिएटरमधून पाणी धारेने वाहत होतं. लिंडसेने पक्कड घेतली आणि फाटलेल्या नळ्या एकेक करून दाबून, मुडपून बंद केल्या. तेजाबाने बोटांची सालं निघाली, ते त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. बॅटरी भरणारा जनरेटर फिरवायचा पट्टा शाबूत होता. तो त्याने धुतला. मग पिण्याच्या पाण्याचा कॅन उचलला आणि थांबला. पाण्याचे कॅन दोनच होते.

व्हेर्ना खिडकीतून बघत होती. "ओत," ती म्हणाली.

"संपलं तर प्यायला काय?"

"मला पाणी नकोय." मधे तिला दम घ्यावा लागला. "मला हवा हवीये."

त्याने ओतलं. इंजिन सुरू झालं, बॅटरीचा काटा वर सरकला. पण पंखा नव्हता. थोड्याच वेळात उष्णतेचा काटा लाल रेषेला टेकला आणि त्याला इंजिन बंद करावं लागलं. थंड होईपर्यंत थांबायचं, तोवर मशीन बॅटरी खात राहणार. मग परत पाणी, परत इंजिन. दर वेळी बॅटरीत जेवढं जात होतं त्याहून जास्त बाहेर येत होतं. हे त्याला कळत होतं, पण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. दबलेल्या नळ्यांतून थेंब गळत होते. खाली भांडं ठेवून तो तेच पाणी पुन्हा वर ओतत होता.

पहिला कॅन संपला. दुसऱ्यातलं पाणी तो तिच्या ओठांना लावायचा आणि बाकीचं रेडिएटरला द्यायचा. स्वतः पीत नव्हता. तिच्या ते लक्षात आलं, पण भांडायला तिच्याकडे श्वास नव्हता.

सूर्य डोक्यावर आला तोवर दुसरा कॅनही रिकामा झाला. त्याने थर्मासमधला चहा ओतला. मग तो तिच्याकडे पाठ करून बंपरवर चढला आणि रेडिएटरमध्येच लघवी केली. व्हेर्नाला हसू फुटलं. हसता हसता तिला ठसका लागला, आणि तो इतका वाढला की तिचे ओठ जांभळे पडले. लिंडसे धावला. तिला पुढे वाकवून तो पाठ चोळत राहिला.

"हसू नकोस ना. पाया पडतो तुझ्या, हसू नकोस."

नंतर इंजिन सुरू झालंच नाही. मशीनवर पिवळा दिवा लागला, मग तांबडा. लिंडसेने सिलिंडर पुन्हा लावलं. त्यात थोडंसंच उरलं होतं, आणि काटा खाली येताना दिसत होता. त्याने मला नंतर सांगितलं की त्या वेळी त्याला प्रार्थना आठवत नव्हती, आईचं नावसुद्धा आठवत नव्हतं. डोळ्यांसमोर फक्त शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेली लोखंडाची जाड पट्टी होती. ती होती त्याच्याकडे. कापायला वेळ लागेल म्हणून घेतली नव्हती. तो तिला सांगू लागला, "व्हेर्ना, माझ्याकडे पट्टी होती—"

"गप्प बस," ती म्हणाली. "हात धर."

सिलिंडर संपल्यावर ती माशासारखी तोंड उघडून श्वास घेऊ लागली. तिचा हात धरून तो तिच्याबरोबर श्वास मोजत होता, जणू त्याने घेतलेला तिला मिळणार होता. तिची मान एकदा कलली. त्याने तिच्या गालावर चापट मारली. लग्नानंतर प्रथमच त्याचा हात तिच्यावर उठला.

क्लेमचा ट्रक टेकडीवरून उतरताना त्याला दिसला नाही, नुसता ऐकू आला. क्लेमने ट्रक गाडीला चिकटवून उभा केला, इंजिन चालूच ठेवलं आणि मशीनच्या वायरी आपल्या बॅटरीला लावल्या. मग म्हाताऱ्या बहिणीला लहान पोरीसारखं उचलून ट्रकच्या पुढच्या सीटवर ठेवलं. बराच वेळ काहीच बदललं नाही. नंतर तिच्या नखांचा रंग हळूहळू परतला. लिंडसे ट्रकच्या मागे जाऊन पाणी प्यायला आणि सगळं ओकला.

ठाण्यावर पोचले तेव्हा विमान धावपट्टीवर उभं होतं. वाट घरावरूनच जात होती. व्हेर्नाने क्लेमच्या बाहीला धरलं आणि घराकडे बोट दाखवलं. क्लेमने वेग कमी केला.

"नको," लिंडसे म्हणाला. "थांबू नकोस."

क्लेमने मेहुण्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे, आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला. व्हरांडा, पाण्याची टाकी, आईच्या खोलीची खिडकी, सगळं धुळीत मागे गेलं. विमानात तिच्याबरोबर आणखी एकालाच जागा होती. लिंडसेने ती क्लेमला दिली.

व्हेर्ना वाचली. त्यानंतर आणखी एक वर्ष ती आमच्या शेजारी जगली. क्लेम त्यांच्याकडेच राहायला आला आणि दुपारभर दोघं भावंडं उन्हात बसून त्या घराविषयी बोलायची, कुठलं दार अडकायचं, कुठे साप निघाला होता. लिंडसे तिथे बसत नसे. जीप त्याने ओढून आणली, पण तिला पुन्हा हात लावला नाही.

शेवटच्या आजारात एका संध्याकाळी मी तिच्यापाशी होतो. लिंडसे उशी बदलत होता. तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आईच्या खोलीपाशी दोन मिनिटं थांबलो असतो तर?"

तो उशी हातात धरून उभा राहिला. "तेवढी नव्हती गं आपल्याकडे."

तिने त्याच्या बोटांवरच्या डागांकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "नव्हती."