अपाच्या दाराची रबरी पट्टी

मी एक जुनी रबरी पट्टी आहे. निळ्या मोटारीच्या पुढच्या दाराला कडेने बसवलेली, काळी, बोटभर जाड. मित्रांनो, दार लावताना तुमचं माझ्याकडे लक्षही जात नसेल. वारा आत येऊ द्यायचा नाही आणि दार घट्ट धरून ठेवायचं, एवढंच माझं काम. आणि त्याच कामापायी मी आज एका आईच्या जिवावर उठले.

कारखान्याच्या भट्टीतून बाहेर आले तेव्हा मी किती मऊ होते! तिथून या गाडीवर बसले आणि नारीन नावाच्या बर्फाळ, डोंगराळ मुलखातल्या एका गावात आले. गाडी जोमार्तची. मेंढ्या, गवत, पाहुणे, सगळ्यांची ने-आण तीच करी. माझ्या दाराशी मात्र त्याची आई बसायची. तो तिला अपा म्हणतो, म्हणून मीही म्हणते. थंडीने भेगाळलेल्या हातांना अपा ग्लिसरीन चोळायची आणि बोटांना उरलेलं माझ्यावरून फिरवायची.

"अपा, दाराचे कसले लाड करतेस?"

"तुझ्यापेक्षा गुणी आहे ते. एका हाकेत उघडतं!"

त्या ग्लिसरीनमुळेच मी इतके हिवाळे न तडकता काढले. पण यंदा अपाचा दमा बळावला, ती घराबाहेर पडेना आणि मला कोणी हात लावेना.

अशात जोमार्तच्या बहिणीच्या, नुरजादाच्या, कानात डूल घालून लग्न पक्कं करायला उद्या होणाऱ्या सासरची मंडळी यायची होती. गाडी तर लेंड्यांनी आणि रस्त्यावरच्या मिठाने माखलेली. आज दुपारी, थुंकी गोठेल अशा थंडीत, जोमार्तने कोमट पाण्याच्या बादल्या बाहेर आणल्या.

अपा खिडकीतून ओरडली, "अरे, या थंडीत गाडीला अंघोळ? निदान हातब्रेक ओढू नकोस, तो गोठून बसेल! रबरं कोरडी पूस आणि दारं चारदा उघड-मीट कर!"

"हो गं! सोयऱ्यांना काय लेंड्यांत बसवू?"

हातब्रेक त्याने सोडून ठेवला, तेवढं नशीब. पत्रा चकचकीत पुसला, काचा पुसल्या. मला पुसलं नाही. दार लावून तो चहाला गेला. माझ्या खाचेत पाणी राहिलं होतं, त्याचा बघता बघता बर्फ झाला आणि मी दाराच्या चौकटीला चिकटून बसले.

दिवस मावळताना अपाचा श्वास अडकला. मेंढीच्या कातड्याच्या कोटात गुंडाळून जोमार्तने तिला उचलून आणलं. गावातल्या बाकीच्या गाड्या बाजाराला गेलेल्या. त्याने दार ओढलं. मी सुटेना. दुसरं ओढलं, तिसरं ओढलं. माझ्या बहिणीही तशाच गोठलेल्या.

"उघड ना, बये! उघड!"

नुरजादाने उकळत्या पाण्याची किटली आणून ओतली. काच तडकली. मी क्षणभर सैल झाले आणि तेच पाणी पुन्हा गोठलं. अपाचे ओठ निळे पडत होते. ज्या हातांनी मला जपलं, त्या हातांना मीच आत येऊ देत नव्हते. मला सुटायचं होतं हो! पण माझ्या हातात काहीच नव्हतं. फाडा मला, एवढंच मनात ओरडत राहिले.

जोमार्तने गाडीला पाय लावून सगळा जीव एकवटून हिसका दिला. मी कोपऱ्यापासून अर्धी फाटले आणि दार उघडलं.

वाटभर माझ्या फटीतून बोचरा वारा आत येत होता. अपाने तिथे तळहात दाबून धरला. तिच्या भेगा मला कळत होत्या.

आता गाडी इस्पितळाच्या आवारात उभी आहे. अपा आत आहे. आजची रात्र निघाली तर बघू, असं डॉक्टर म्हणाले. आतल्या उबेने मी ओली झाले होते आणि आता पुन्हा गोठू लागले आहे. मित्रांनो, थंडीत गाडी धुवावी लागलीच तर आम्हाला विसरू नका. आम्हाला कोरडं करा, ग्लिसरीन लावा आणि गोठलेल्या दारावर उकळतं पाणी तेवढं ओतू नका.

जोमार्त इस्पितळाच्या पायरीवर नर्सला काहीतरी विनवतो आहे.

"ताई, थोडं ग्लिसरीन द्या ना."

"आईच्या हातांना हवंय का?"

"नाही, गाडीच्या दाराला. आईला घरी न्यायचंय."

तिने बाटलीच आणून दिली.

गळ्यातला मफलर सोडून त्याने मला पुसलं, फाटलेली कडसुद्धा. मग बोटांनी ग्लिसरीन चोळलं, अगदी अपासारखं. तो दार उघडतो आहे, लावतो आहे, पुन्हा उघडतो आहे. चारदा झालं तरी तो थांबत नाही.

अपा, तू ये. मी एका हाकेत उघडेन.