काळे पडलेले वाळे

आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीत त्या रविवारी तिसऱ्या मजल्यावर इतकी माणसं जमली, की चपला दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरल्या. विनायकच्या हॉलमध्ये प्रभाकर महाराज बसले होते. समोर अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं, त्यात कढत पाणी. पाण्यात त्यांनी दोन मुठी पांढरं 'मंत्रभस्म' टाकलं आणि विनायकच्या दोन महिन्यांच्या वरदचे चांदीचे वाळे आत सोडले. वाळे बारशाला आजोळहून आले होते आणि पंधरा दिवसांत तव्याच्या बुडासारखे काळे पडले होते. चांदी काळी पडली म्हणजे पोराला दृष्ट लागली, हे आमच्याकडे पदवीधरांनाही पाठ असतं.

महाराज पुटपुटले. पाणी फसफसलं आणि हॉलभर सडक्या अंड्यांचा वास सुटला.

“बाहेर पडतंय,” महाराज म्हणाले. “हा सल्फेट दोष. वाईट ऊर्जा चांदीत सल्फेट होऊन बसते. परदेशातल्या शास्त्रज्ञांना हे आत्ता कळलं, आम्हाला गुरुकृपेने आधीच ठाऊक होतं.”

दोन मिनिटांत वाळे लखलखीत होऊन बाहेर आले. सगळ्यांनी हात जोडले. मी जोडले नाहीत, कारण मी नाक धरलं होतं. मी वसुंधरा, पनवेलच्याच एका शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई. विनायक माझा विद्यार्थी. गंधकाच्या धड्यावर त्याला पैकीच्या पैकी गुण मी स्वतः दिलेत, हे इथे नोंदवून ठेवते.

मग महाराजांनी विचारलं, बाळाला रोज हात कोण लावतं? सगळ्या माना दाराकडे वळल्या. दारात गुणाबाई उभी होती. शिरढोणच्या पलीकडच्या वाडीतून ती रोज सकाळी येते आणि आमच्या भागातल्या पाच घरांतली तान्ही बाळं तेल लावून न्हाऊ घालते. तिच्या हाताखालून गेलेली पोरं आता कॉलेजात आहेत. महाराजांनी तिच्याकडे नुसतं बोट दाखवलं.

सोमवारी विनायकच्या घरून तिला निरोप गेला, येऊ नकोस. संध्याकाळपर्यंत उरलेल्या चारही घरांतून तेच.

बुधवारी वाळे पुन्हा काळे पडले. आता गुणाबाई तर तीन दिवस त्या घराची पायरीही चढली नव्हती. एवढ्यावर कोणालाही शंका यायला हवी. विनायकच्या बायकोला, सुनंदाला, आली नाही. तिने महाराजांना फोन केला. ते म्हणाले, ती आता लांबून करतेय. येत्या रविवारी तिने सगळ्यांसमोर पातेल्यातलं पाणी प्यायचं. पचलं तर निर्दोष, उलटलं तर करणी तिचीच.

ते भस्म म्हणजे खाण्याचा सोडा, हे मी फसफसण्यावरूनच ओळखलं होतं; कढत पाण्यात तो मूठमूठ विरघळवून कोणालाही पाजा, उलटणारच. मला इतका संताप आला की हातातला चहा तसाच राहिला.

मी गुणाबाईला गाठलं. म्हटलं, तू पिणार नाहीस. ती म्हणाली, “पिते ना काकू. आमाला काय सवय नाय का कशाची? पन पाच घरं गेली तं खायाचं काय? हाताला नाव लागलं, तं दुसरं कोन पोर देल माज्या हातात?”

तिथून मी तडक सुनंदाकडे गेले. वरद उघडा झोपला होता, अंगभर पिवळट मलम. त्याला खरूज झाली होती म्हणे, डॉक्टरांनी गंधकाचं मलम दिलेलं, मानेपासून तळपायापर्यंत चोळायचं. आधी गुणाबाई लावायची, सोमवारपासून सुनंदा स्वतः लावत होती. वाळे कधी काढता का, मी विचारलं. ती म्हणाली, “छे हो बाई, आजोळचे वाळे काढायचे नसतात.”

मी मलमाचा एक बोटभर गोळा मागून घेतला. घरी येऊन माझ्या जुन्या पैंजणांना फासला. शनिवारी पैंजण काळे ठिक्कर.

रविवारी तोच हॉल, तीच गर्दी. गुणाबाई धुतलेलं लुगडं नेसून पाण्यासमोर बसली होती. महाराजांनी तांब्या उचलला. मी म्हटलं, थांबा, आधी माझेही पैंजण शुद्ध करा, पण सुनंदाच्या या स्टीलच्या पातेल्यात. भस्म तुमचं, मंत्र तुमचे, सगळं तुमचं.

महाराज म्हणाले, स्टीलमध्ये शक्ती उतरत नाही. लोक म्हणाले, महाराज, करून तर बघा. महाराजांनी दहा मिनिटं मंत्र म्हटले. पैंजण होते तसे काळे.

मग मी तेच पैंजण अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात टाकले. कढत पाणी, आणि भस्माऐवजी सुनंदाच्याच स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा आणि मीठ. मंत्राच्या जागी मी पंधराचा पाढा म्हटला. वास सुटला, पैंजण पांढरे झाले.

“विनायक, उभा राहा,” मी म्हटलं. चाळिशीचा माणूस खरंच उभा राहिला. “सल्फेट कशाला म्हणतात?”

“गंधकाबरोबर ऑक्सिजन असतो तेव्हा, बाई. मोरचूद सल्फेट आहे.”

“आणि गंधक आणि धातू असे दोघंच असतील तर?”

तो खाली बघत म्हणाला, “सल्फाइड.”

“चांदीवरचा काळा थर?”

“सिल्व्हर सल्फाइड. मलमातल्या गंधकाचा.” मग पातेल्यात बघत म्हणाला, “अ‍ॅल्युमिनियम तो गंधक ओढून घेतं. वास हायड्रोजन सल्फाइडचा. बाई, मला हे येत होतं.”

येत होतं, हेच तर माझं दुखणं आहे. महाराजांना कोणाचा तरी फोन आला आणि बोलत बोलत ते खाली उतरले.

सुनंदा गुणाबाईला म्हणाली, झालं ते विसर, उद्यापासून ये. गुणाबाई उठली नाही. “येते. पन आदी त्या चार घरी चला माज्यासंगं. तुमच्याच तोंडानं सांगा, गुणाची करनी नवती म्हून.”

विनायक तिच्याबरोबर गेला. तीन घरांनी उद्यापासून ये म्हटलं. चौथ्या घरातल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं, सल्फाइडही ऐकलं, आणि म्हणाल्या, “पटतंय हो. पण बाळाचा प्रश्न आहे, उगाच विषाची परीक्षा कशाला?” ते घर तिला अजून परत मिळालेलं नाही.

म्हणून हात जोडून सांगते. चमत्कार दिसला की भांडं बदलून पुन्हा करायला लावा, एवढं शास्त्र कोणालाही जमतं. आणि चमत्कार संपल्यावर बोट कोणाकडे वळतं ते नीट बघा. ज्या माणसाचं कोणी ऐकून घेणार नाही, त्याच्याकडेच ते वळतं. तेव्हा गप्प बसू नका, मी पहिल्या रविवारी नाक धरून बसले होते तसं.