सात मैलांचा वळसा

तिसऱ्या दिवशी सकाळी मला तंबूतून उठवेना. गुडघे वाळूत टेकले, हातांवर भार दिला, आधी एक पाय ओढला, मग दुसरा. बाहेर आले तेव्हा बाकीच्यांचा नाश्ता होत आला होता.

"मला वाटलं, गेलीच म्हातारी," नोरीन म्हणाली आणि तिनं गरम कोकोचा पेला माझ्या हातात दिला. ती माझ्याच कयाकमध्ये मागं बसायची. प्राइस गावात दातांच्या डॉक्टरकडे कामाला, वय बावन्न, तोंड चोवीस तास चालू.

"गेले असते तर तंबू तुला आवरावा लागला असता. म्हणून थांबले."

उजवा खांदा आतून कुरकुरत होता. दोन दिवस वल्हं मारून तळहातांना फोड आले होते. ग्रीन नदी तशी संथ, पण दुपार झाली की दरीतून उलटा वारा सुटतो आणि नाव जागची हलत नाही. पाणी तर इतकं गढूळ की संध्याकाळी बादल्या भरून, तुरटी फिरवून ठेवायच्या. सकाळी खाली चार बोटं गाळ आणि वर पिण्यापुरतं पाणी.

आम्ही सातजण होतो. तीन कयाकमध्ये दोघं-दोघं, आणि सामानाच्या नावेत आमचा म्होरक्या केंडल. लायब्ररीतल्या फळ्यावर या सफरीची चिठ्ठी वाचून मी नाव दिलं, तेव्हा माझी मुलगी फोनवर ओरडलीच होती. "आई, पंच्याहत्तरीला कुणी वाळवंटात जातं का? तेही अनोळखी लोकांबरोबर? वाळूत झोपणार तू?"

"तू पाच वर्षांची असताना झोपलीच होतीस की," एवढंच मी म्हटलं. खरं कारण तिला सांगितलं नाही.

कारण होतं ते आज पुढ्यात होतं. बोनॉटच्या वळणाला नदी सात मैलांचा वळसा घेते आणि फिरून पुन्हा त्याच डोंगराच्या पाठीशी येते. मध्ये फक्त एक खिंड. त्यामुळे नदीवरच्या लोकांची जुनी रीत आहे. काहींनी खिंड चढून पलीकडे उतरायचं, काहींनी नावा वळशानं फिरवून आणायच्या.

आम्ही दर सप्टेंबरला यायचो, अठरा वर्षं. मी तीन पोरांना घेऊन खिंड चढायची, वर बसून जर्दाळूच्या जॅमचे सँडविच खायला घालायची आणि पलीकडच्या काठावर माझ्या नवऱ्याची, एल्डनची वाट बघायची. तो एकटा नाव आणायचा. त्याला पाच तास लागायचे. कधीच कमी नाही. पोरं उन्हानं रडकुंडीला आलेली असायची.

"झाडाखाली झोपला होतास ना?" मी विचारायची.

"वारा होता, वर्ला," तो म्हणायचा.

मग ही आमच्या घरातली थट्टाच झाली. नाताळात, लग्नांत, कुणालाही कुठंही उशीर झाला की मी म्हणायची, "एल्डनचा वारा लागला वाटतं." शेवटच्या महिन्यात तो नाकात ऑक्सिजनच्या नळ्या लावून स्वयंपाकघरात बसलेला असायचा. घरी येणाऱ्या नर्सला मी ती गोष्ट पुन्हा रंगवून सांगितली. नर्स हसली. एल्डन हसला नाही. "वारा असायचा," एवढंच तो टेबलाकडे बघत म्हणाला. तीन आठवड्यांनी तो गेला.

दोन वर्षं ते वाक्य माझ्या मानेवर बसलं होतं. एका दमलेल्या माणसाला मी जन्मभर खोटारडा म्हणत आले होते का? तो वळसा मी एकदाही घातला नव्हता. आता घालायचा होता.

"सिस्टर सोरेन्सन, तुम्ही इथंच सावलीत बसा," केंडल म्हणाला. तो आमच्याच चर्चचा, तिथं सगळ्या बायका सिस्टर. "तुमचा खांदा धड नाही. नोरीन एकटी नाव आणेल. मी तुम्हाला मागाहून माझ्या नावेतून नेतो."

"पोत्यासारखी? मी वल्हवत जाणार."

"घेते मी त्यांना," नोरीन म्हणाली. "बोलायला कुणीतरी लागतंच मला."

नऊ वाजता निघालो. दुसऱ्या दोन कयाक आणि केंडलची नाव झपाझप पुढं गेल्या. लाल कडे दोन्हीकडून वर चढत गेले. तासाभरानं समोरून वारा आला आणि मला बरं वाटलं, हे कबूल करते. ये, म्हटलं, अजून ये. वल्हं उचलताना डोळ्यांत पाणी येत होतं. पण वारा थोडा वेळ आला आणि पडला.

"किती वाजले?" मी विचारलं.

"पावणेअकरा."

"आणि आलो किती?"

तिनं नकाशा बघितला. "अर्ध्याच्या पुढं. बाराला पोचू."

म्हणजे तीन तास. तेही एक दुखऱ्या खांद्याची म्हातारी पुढं बसलेली असताना. एल्डनची जुनी नाव जड होती, अर्धा तास धरला. वाऱ्याचा अर्धा तास धरला. तरी एक तास उरत होता. कितीही ओढूनताणून धरलं तरी उरतच होता.

"काठाला घे," मी म्हटलं.

कड्याच्या पोटाखाली वाळूचा एक पट्टा होता, सावलीतला. वर एक कॉटनवुडचं झाड. मी उतरले आणि होते तशी आडवी झाले. वाळू गार होती. नोरीनसुद्धा गप्प बसली. पानांची सळसळ आणि काठाशी पाण्याचा बारीक आवाज, बाकी काही नाही. कुणी आई म्हणत नव्हतं, कुणी काही मागत नव्हतं.

आठवड्याचे सहा दिवस एल्डन कोळशाच्या खाणीत असायचा. रविवारी चर्चमध्ये दहा लोकांच्या दहा तक्रारी ऐकायचा. घरी मी आणि पोरं. वर्षातला हा एवढाच वेळ त्याला सापडला होता आणि त्याचीही कबुली मी त्याच्याकडून दरवर्षी वदवून घ्यायला बघत होते. खोटारडा होताच तो. दमलेलाही होता. मी हे दोन्ही एकदम कधी धरलंच नव्हतं.

"निघायचं?" बऱ्याच वेळानं नोरीननं विचारलं. "केंडल काळजी करत असेल."

"करू दे थोडी. मी अठरा वर्षं केली."

निघालो तेव्हा बारा वाजून गेले होते. उरलेलं अंतर आम्ही फारसं वल्हवलंच नाही. नदीनं नेलं तसं गेलो.

केंडल गुडघाभर पाण्यात उभा होता. "सिस्टर सोरेन्सन! पाच तास झाले! मी उलटा निघणारच होतो. झालं काय?"

नोरीननं माझ्याकडे बघितलं.

"वारा होता," मी म्हटलं.

"भयंकर वारा," नोरीन म्हणाली.

केंडलनं नदीकडे बघितलं. काठावरच्या गवताचं पातं हलत नव्हतं. त्यानं माझा दुखरा नसलेला हात धरला आणि मला चिखलातून वर ओढलं.